घुबडाचे डोळे

शालोक, ३ जून १५६०

बाल्तासार तेकोलोत्ल यास,

आज सकाळी वस्तीच्या चावडीत कागद आला. अंजिराच्या सालीचा आहे, पण खरखरीत. दुपारपर्यंत दगडाने घोटला, पांढरा हात दिला, उन्हात ठेवला. संध्याकाळी रेघा आखल्या. घरी येऊन मका वाटला, दोन भाकऱ्या भाजल्या, एक खाल्ली.

लिहायचं कारण असं. शहरातून न्यायाधीश निघाला आहे. गावोगावची माणसं नव्याने मोजायची, असा हुकूम आहे. आमच्या वस्तीचा कागद माझ्याकडे आला. तू माझ्याजवळ बसून हे काम शिकलास, पण तुला जाऊन तीन वर्षं झाली, म्हणून पुन्हा लिहितो. घराघराच्या कर्त्या माणसाचं आणि मोठ्या मुलाचं डोकं काढायचं. त्याच्यावर त्याच्या नावाचं चिन्ह, आणि दोन्ही जोडणारी बारीक रेघ. बायकांना चिन्ह नाही, नवऱ्यामागे नुसता चेहरा. डोळा सगळ्यांत शेवटी, कारण त्यावर सगळं ठरतं. जिवंत माणसाचा उघडा, मेलेल्याचा मिटलेला. पळून गेला असेल तर डोळा उघडा आणि डोक्यामागून बाहेर जाणारी पावलं.

न्यायाधीश चर्चच्या अंगणात बसेल. ज्याने त्याने पुढे येऊन आपल्या चिन्हावर बोट ठेवायचं. जुलै संपता संपता तो येईल असं म्हणतात. ओढ्याकाठचं आईचं शेत तुझ्या नावावर लागायचं, तर तुला त्या दिवशी इथे असलं पाहिजे. एका दिवसाचं काम आहे. बोट ठेव आणि परत जा. मी काही बोलणार नाही.

तुझं चिन्ह काल कच्चं काढून पाहिलं. माझ्या नावाचा लावा पक्षी, कुंभाराची घार, वस्तीतले सगळे पक्षी मी बाजूने काढतो. घुबड तेवढं समोर बघणारं काढावं लागतं, दोन्ही डोळ्यांनी. बरं आलं आहे.

जाताना तू म्हणाला होतास की शहरात मला लुईस म्हणतात. मी म्हणालो होतो, लुईसचं चित्र काय काढू? मला अजूनही ते माहीत नाही.

मागे निरोप पाठवून तू आईचा खोकला विचारला होतास. खोकला थांबला आहे.

तुझा बाप,
तोरिबिओ सोलीन


शालोक, २७ जून

तेकोलोत्ल,

मिरचीची ओझी घेऊन गेलेला हमाल परत आला. पत्र तुझ्याच हातात दिलं म्हणाला. तू काय बोललास असं विचारलं, तर म्हणे, "वाचलं आणि घडी घातली." आणखी मी विचारलं नाही.

पावसाळी हवेत रंग वाळत नाही. तरी वस्ती बहुतेक झाली. आपल्या घराचे दोन डोळे राहिले आहेत.

मागच्या आठवड्यात पान्त्ली चावडीत येऊन बसला. वस्तीचा मुख्य झाल्यापासून त्याला जमिनीवर बसवत नाही, चटई लागते. कागदावर वाकून म्हणाला, "सोलीन, मीट की हा एक डोळा."

"जिवंत आहे तो."

"जिवंत आहे तर दाखव. घरात नाही, शेतात नाही, चर्चमध्ये नाही. माझा आजाही असाच कुठे दिसत नाही. त्याला आपण मेलेला म्हणतो."

बसलेली माणसं हसली. तो मग जरा जवळ सरकला. "अरे, एक डोकं कमी झालं तर तेवढा सारा वस्तीवर कमी बसेल. कागदावर मेल्याने पोरगं काही मरत नाही."

मी म्हटलं, "मग तुझ्या पोराचा मिटू?"

तो उठला आणि चटई काखेत घालून गेला.

त्यानंतर न्यायाधीशाच्या आधी त्याचा दुभाष्या येऊन दाखल झाला. त्लाश्कालाचा आहे, आपल्यातलाच, पण अंगात समुद्रापलीकडून आलेल्या कास्तीलवाल्यांचा कोट. बोलतो मात्र जुन्या म्हाताऱ्यांसारखं गोड. त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, "दादांनो, मागच्या गावातही पुष्कळ माणसं मेलेली होती. त्यांतल्या दोघांकडून मी बाजारात मिरच्या विकत घेतल्या. ताज्या होत्या. तेव्हा आता असं करू. कागदावर ज्याचा डोळा मिटलेला, त्याची कबर मला दाखवायची. ज्याच्यामागे पावलं, तो कुठे गेला ते सांगायचं. मी माणसं पाठवीन."

माणसं म्हणजे शिपाई आणि दोरी. कुंभाराचा जावई परवा तसाच आणला. गळ्यात दोरी, केस कापलेले. चौकात त्याला फटके मारले. त्याला मेला म्हणून दाखवणाऱ्या चित्रकारालाही त्याच्या शेजारी बांधून मारलं. तो पलीकडच्या गावचा. मी त्याला ओळखतो. आम्ही पाद्र्यांच्या शाळेत एका बाकावर होतो. मारून झाल्यावर त्याने सदरा मागितला, पण त्याला तो अंगात घालता येईना.

दुसऱ्या दिवशी पान्त्ली पुन्हा आला. या खेपेला चटई नव्हती.

"पावलं काढ. मला त्या कबरीच्या भानगडीत पाडू नकोस. एक खोटा डोळा सापडला तर सगळ्या वस्तीचा कागद फेकून देतील, मेलेल्यांचाही सारा भरायला लावतील."

"पावलं काढली तर त्याला बांधून आणतील."

"मग आणू देत. चिन्हाखाली उभा राहील. तुला तेच हवं होतं ना?"

मला तेच हवं होतं. कुंभाराच्या जावयाला पाहीपर्यंत हवं होतं.

डोळा अजून भरलेला नाही. या पत्राचं उत्तर दे. घडी घालू नकोस.

सोलीन


शालोक, १२ जुलै

तेकोलोत्ल,

तुझं पत्र पोचलं. अक्षर सुधारलं आहे. दोनदा वाचलं. तुझ्याकडे नक्कल नसेल, म्हणून तू काय लिहिलंस ते इथे उतरवतो. उद्या कुणाचा गैरसमज नको.

"तात, मी इथे संतांचे चेहरे रंगवतो. मालकाशी करार आहे. मध्येच निघालो तर कोठडी. मी लग्न केलं, तुम्हाला कळवलं नाही. हिवाळ्यात मुलगी झाली. बाप्तिस्म्यात इनेस ठेवलं आहे. घरात काय म्हणायचं ते आईला विचारून कळवा. शिपाई दोरी घेऊन आले तर या दोघींनी कुणाकडे जायचं, तेही सांगा. पावलं काढू नका. दुसरं काय काढायचं ते तुम्ही आणि आई मिळून ठरवा. ऑगस्टच्या जत्रेला मालक दोन दिवस सोडतो. तेव्हा आईला बघून जाईन."

आता माझं ऐक.

जत्रेला येऊ नकोस. एका दिवसापुरतंही नको. दुभाष्या पीक निघेपर्यंत या भागातच राहणार आहे, आणि त्याचे शिपाई वाटेवरच्या धर्मशाळेत उतरले आहेत. परगावाहून येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारतात. आधीच्या पत्रात मी ये म्हटलं होतं. ते विसर.

मुलीचं नाव. पहिली मुलगी ती तेयाकापान. आमच्याकडे पहिली ती पहिली, मधली ती मधली, शेवटची ती शेवटची. त्यात आईला विचारायचं काय? तरी विचारलं. ती काही बोलली नाही.

पावलांचंही तिला विचारलं. त्यावरही ती काही बोलली नाही.

तुला नावावरून पोरं चिडवायची. ते मी ठेवलं असं तुला वाटतं, आणि मी ते खोडून काढलं नाही. नाव तिने ठेवलं. तू जन्मलास त्या पहाटे घुबड छपरावर येऊन बसलं होतं. सुईण रडायला लागली. मला वाटलं, गेलं आता पोरगं. तुझी आई पडल्यापडल्या म्हणाली, "आलं, बघितलं, गेलं. याला त्याचंच नाव ठेवा. पुन्हा मरण आलं तर त्याला वाटेल, इथे आपण एकदा येऊन गेलोय." माझ्या मनात दुसरं नाव होतं. ते आता सांगण्यात अर्थ नाही.

पावलं काढणार नाही. उरतं एकच. मी ते ठरवलं आहे. शेत जाईल, त्याला इलाज नाही. पान्त्लीला अजून सांगितलेलं नाही. कबरीचं काय करायचं असं तू विचारशील. ते मी बघतो.

तू फक्त येऊ नकोस.

सोलीन


शालोक, २ ऑगस्ट

लुईस,

आता या नावानेच लिहायला हवं. हे पत्र वाचून चुलीत घाल. उभ्याने वाचत असशील तर बस.

तुझी आई ईस्टरच्या आठवड्यात गेली. तापाची साथ होती. त्या दिवसांत घरोघरी माणसं पडलेली होती, पाद्रीसुद्धा तापात होता, त्यामुळे कुणाच्या नावाची नोंद झाली नाही, घंटा वाजली नाही. तिला मी आणि शोकोमावशीने नेलं. चर्चच्या मागच्या भिंतीला, बाभळीच्या खाली. माझ्याकडे कुणी आलं नाही. ज्याचं त्याला झालं होतं.

जाण्याआधी ती म्हणाली होती, "माझ्या मरणाची दोरी करून त्याला ओढू नका. यायचं तर आपल्या पायाने येईल." म्हणून पहिल्या पत्रात लिहिलं नाही. पुढच्या पत्रांत लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू धावत आला असतास आणि वाटेवर शिपाई होते.

आमच्या घराची कबर ती एकच. ती तुझी म्हणून दाखवायची आणि तुझा डोळा मिटायचा, असं मी ठरवलं. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी तुझा चेहरा पुरा केला. पापणी म्हणजे एक आडवी रेघ. ती मी कुणासाठीही एका दमात ओढतो. तुझी दोनदा थांबून ओढली. नीट बघितलं तर जोड दिसतो. दुसरा डोळा तुझ्या आईचा. तो तसाच कोरा ठेवला. सकाळी मिटू म्हटलं. तिची कबर विचारली तर साथीत गेली, दुसरीकडे पुरली, जागा आठवत नाही, असं काहीतरी सांगणार होतो. कबरीवरचं बायकी सगळं काढून आणलं. तिची टकळी आम्ही उशाशी खोचली होती. ती घरी आणून आढ्याला ठेवली.

काल सकाळी अंगणात न्यायाधीश खुर्चीत बसला होता. त्याचे पाय सुजलेले, एक पाय उशीवर. तो कागदाकडे बघतही नव्हता. बघत होता दुभाष्या. माणसं पुढे येत होती, बोट ठेवत होती, मागे जात होती. माझी पाळी आली. लाव्यावर बोट ठेवलं.

"आणि हा कोण?" दुभाष्याने विचारलं. "हा तर माझ्याकडेच बघतोय."

"घुबड. तेकोलोत्ल. माझा मुलगा."

"डोळा मिटलेला."

"हो."

"चला तर. त्याला भेटून येऊ."

तो पुढे, मी मागे, माझ्यामागे पान्त्ली आणि दोन शिपाई. पान्त्लीला आता कळलं होतं. चालताना त्याचा श्वास मला ऐकू येत होता. बाभळीखाली पोचलो, तर कबरीवर ताजा झेंडू आणि उशाशी टकळी उभी.

शोको पहाटेच येऊन गेली होती. टकळी दिसली नाही म्हणून तिने आपली आणून खोचली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसरा कुणी कास्तीलवाला असता तर त्याला टकळी दिसलीही नसती. हा आपल्यातला. तो खाली बसला, बोटाने टकळी फिरवली. सूत होतं तिच्यावर.

"सोलीन," तो गोड आवाजात म्हणाला, "तुमच्याकडे मुलगे सूत कातायचे का?"

पान्त्ली एक पाऊल मागे सरला. शिपायाने कमरेची दोरी सैल केली, हे मी पाहिलं. आणि भिंतीच्या कोपऱ्यावरून बाईचा आवाज आला.

"ठेवा ती खाली. माझी आहे ती."

शोको. हातात पाण्याचं मडकं. तिची वस्ती वेगळी, तिथली मोजणी आधीच झालेली. ती सरळ आली, दुभाष्याच्या हातातून टकळी घेतली आणि परत खोचली.

"तुझी?" तो म्हणाला. "तू कोण?"

"आई."

मी तिच्याकडे बघितलं नाही.

"पुरुषाच्या कबरीवर टकळी ठेवतेस?"

"त्याच्या बापाने कुंचला द्यायला हवा होता. दिला नाही. दोघं भांडले होते. मग मी माझं दिलं. पोराला रिकाम्या हाताने पाठवू?"

दुभाष्या उठला. गुडघ्याची माती झटकली. तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "बाई, तुला मी कुठेतरी पाहिलंय."

"बाजारात. तामाल खात होतात. मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होतात, आणि तोवर पाचवा उचलला होतात."

एक शिपाई हसला. दुभाष्या हसला नाही. तो पान्त्लीकडे वळला. "मुख्य, ही याची बायको का?"

पान्त्ली एक शब्द बोलला असता तर तो सुटला असता. वस्ती सुटली असती. मी आणि शोको दोरीत गेलो असतो, आणि मग दोरी शहरात तुझ्या दाराशी आली असती. त्याने माझ्याकडे बघितलं, मग कबरीकडे.

"हीच," तो म्हणाला. "आख्खी वस्ती हिच्या तोंडाला ओळखते. न्या तुम्हीच हिला शहरात, उपकार होतील."

आम्ही परत अंगणात आलो. दुभाष्याने कागदावर बोट ठेवलं. "इथे तुझ्यामागे बाईचा चेहरा आहे. डोळाच नाही."

"राहिला."

"मग काढ."

मी खाली बसलो. शाईत कुंचला बुडवला आणि तुझ्या आईचा डोळा उघडा काढला. चिन्ह नसल्यामुळे तो चेहरा कुणाही बाईचा म्हणता येतो. शोको शेजारी उभी होती.

असं झालं आहे. कागदावर तुझी आई जिवंत आहे आणि तू मेला आहेस. शेत वस्तीकडे गेलं. त्यात भोपळा लावतील. तुझ्यामागे कुणी येणार नाही. तिचा शोक मात्र तुला इथे येऊन उघडपणे करता येणार नाही, आणि मलाही नाही.

तुझा मात्र करता आला. दुभाष्याचे शिपाई संध्याकाळी चौकातच बसून होते, म्हणून वस्ती माझ्याकडे समाचाराला आली. बायकांनी तामाल आणले, मक्याची पेज आणली. कुंभारीण दारातच मोठ्याने रडली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, जरा तोंड पाडा की, ते बघतायत." आतल्या बाजूला पोरं खिदळत होती. कुणीतरी म्हणालं, "जिवंतपणी घुबड कधी एवढं खाऊ घालून गेलं नाही." सगळ्या तुझं नाव घेऊन रडत होत्या. चांगला पोरगा होता, हाताला वळण होतं, बोलणं कमी होतं. मी बसून ऐकत होतो. मग मला रडू यायला लागलं आणि थांबेना. कुंभारीण आधी खूश झाली, मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि हात धरला. तिने तुझं नाव घेणं सोडलं. दुसरं नाव तिने घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

पान्त्ली चटई आणून बसला होता. चार तामाल खाल्ले. सगळ्यांच्या शेवटी उठला. दारात उभा राहून म्हणाला, "ईस्टरला मला ताप होता, सोलीन. येता आलं नाही."

शोको जाताना म्हणाली, "भाऊजी, यापुढे काही करायचं असलं तर आधी सांगत जा. मी मडकं घेऊन फक्त पाणी घालायला आले होते." तिची टकळी आता तिथेच राहील. तुझ्या आईची आढ्याला आहे. ती तेयाकापानसाठी ठेवतो. हमालाबरोबर पाठवत नाही, मोडेल.

दुभाष्या गेल्यावर, पीक निघाल्यावर, ये. शहरातला चित्रकार लुईस म्हणून ये. दारात तुला कुणी ओळखणार नाही, मीही नाही. बायकोला आणि मुलीला आण. मागच्या भिंतीशी जा, मग घरी ये.

एक गोष्ट राहिली. कागद गुंडाळताना दुभाष्या पुन्हा म्हणाला, "माणसाचा डोळा मिटलास, पक्ष्याचे नाही मिटलेस." मी म्हटलं, "पक्ष्याचा हुकूम नव्हता." त्याने कागद पेटीत ठेवला. ते दोन्ही उघडे आहेत. न्यायाधीशाच्या पेटीतून शहरात येतील.

तामाल उरले होते ते टर्की कोंबड्यांना घातले. उद्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात भिजवायला घेतला. हात सवयीने दोन मुठी काढतो. एक मूठ परत कणगीत टाकली आणि मडक्यावर झाकण ठेवलं.